तीन शिफ्ट म्हणजे तीन माणसं नव्हेत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत परत तोच विषय निघालाय, आठ तासाच्या तीन शिफ्ट बऱ्या का बारा तासाच्या दोन. बारावाले म्हणतात तीन-चार दिवस काम आणि बाकी सुट्टी, मज्जाच की. अरे पण आधी माणसं किती भरणार ते सांगा, मग पॅटर्नचं बोलू.

हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास १६८. कायद्यानं एका माणसाचे जास्तीत जास्त ४८, म्हणजे एक मशीन रात्रंदिवस चालवायला साडेतीन माणसं, अर्धा माणूस कुठनं आणणार म्हणून चार, मग प्रत्येकाला सरासरी ४२ तास पडतात. हे सगळे रोज हजर असले तर! आजारपण, हक्काची रजा, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, कुणाकडं लग्न कुणाकडं मयत, हे धरलं की आकडा साडेचारच्या आसपास जातो. चार मशीनला अठरा. आपल्याकडं बारा असतात आणि एक रिलीव्हर, म्हणजे रजेवरच्याच्या जागी उभा राहणारा, तो पण कुणीतरी सोडून गेलेल्याच्या जागी कायमचा चिकटलेला.

आणि गेटवरचे वॉचमन बघा, बारा तास, दोनच माणसं. १६८ भागिले दोन, आठवड्याला ८४ तास! ते सुट्टीवालं बारा तासाचं रोस्टर चौघांवर चालतं, दोघांवर नाही, हे सांगायला कुणी येत नाही.

मग कमी माणसांचा खड्डा भरतो ओटीनं, म्हणजे ओव्हरटाईमनं. मी गेली काही वर्षं हे शिफ्टचे चार्ट बनवतोय म्हणून सांगतो, यात नुसती मॅनेजमेंट नाही, पोरांनाही ओटी पाहिजे असते. कायद्यानं डबल रेट आहे तरी मालकाला परवडतं कारण नवीन माणूस म्हणजे पीएफ, बोनस, रजा सगळं आलं, आणि पोरांनी गाडीचा हप्ता ओटी धरूनच बसवलेला असतो. त्यामुळं मशीनमागं चौथा माणूस, म्हणजे चौथी टीम म्हटलं की आधी पोरंच नाराज, हातात पगार कमी येणार म्हणून. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ४८ चे ४२ तास करताना महिन्याचा पगार तोच ठेवला तरच हे जमणार, नाहीतर युनियनही उभी राहणार नाही तुमच्यामागं.

मिरजेत तर गल्लोगल्ली हॉस्पिटल. नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्ममध्ये ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह आहे, म्हणजे रजेसाठी जास्तीचा स्टाफ आधीच धरायचा. आमची वहिनी आयसीयूत सिस्टर आहे, तिला विचारलं तर हसली नुसती. एक सिस्टर आली नाही की आधीचीनं डबल मारायची, सोळा तास, आणि पहाटे चारला इंजेक्शनचा डोस मोजायचा.

आता पॅटर्न. माणसाच्या अंगातलं घड्याळ चोवीस तासापेक्षा थोडं जास्तच चालतं, म्हणून झोप पुढं ढकलणं सोपं, मागं ओढणं अवघड. फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट, असंच फिरवायचं. उलटं फिरवलं की सेकंड करून रात्री अकराला सुटलेला गडी सकाळी सातला परत गेटवर उभा, झोपला किती आणि जेवला किती. सलग सहा नाईटपेक्षा दोन फर्स्ट, दोन सेकंड, दोन नाईट, दोन सुट्टी हे मला बरं वाटतं, पण पोरं म्हणतात वार लक्षात राहत नाहीत, आणि शेतीला लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्याच्याशी मेळ बसत नाही. हे कारण ऐकून एचआरवाले हसतात. मला ते एकदम खरं वाटतं.

साखर कारखान्यांचं एक कळत नाही. कितीतरी ठिकाणी शिफ्ट पहाटे ४ ते दुपारी १२, १२ ते रात्री ८, ८ ते पहाटे ४. म्हणजे झोप सगळ्यात जड असते त्या वेळेलाच बॉयलर, साखर शिजवायचे पॅन सगळ्याचा चार्ज पुढच्या शिफ्टला द्यायचा, आणि पेंगत बाईकवरनं घरी, पुढं रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. सहा-सातची वेळ केली तर काय बिघडतं? 'पहिल्यापासनं असंच आहे', हे एकच उत्तर मिळतं.

ज्यांच्या कंपनीत तासगाव साईडची, द्राक्षबागावाली पोरं आहेत त्यांनी पुढचं तर कराच. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी आली की गैरहजेरी वाढणार, दरवर्षी वाढते, तरी दरवर्षी ऑफिसला धक्का बसतो. जून-जुलैत आषाढीची वारी, मे महिन्यात लग्नं. तारखा सगळ्यांना पाठ आहेत. दोन जादा माणसं सप्टेंबरातच घ्या, तेव्हाच मशीन शिकवा, छाटणी सुरू झाल्यावर नवीन पोरगं नाईटला एकटं उभं करू नका.