‘महाराज काय पूर अडवणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. संकटाच्या वेळी प्रशासनाने महाराज, मौलानांनाही सोबत घ्यावं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “महाराज, मौलाना काय पूर अडवणार? ते काम महापालिकेचं. तुम्ही बुवाबाजीला खतपाणी घालताय. आणि ज्या काळारामाचं दार माणसांना बंद होतं, त्या पंचवटीत कसली आलीय एकी?”

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लागला. 2 मार्च 1930 ला नाशकातल्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. अडवणारे धर्माचंच नाव घेत होते. हे लेखात यायलाच हवं होतं. आज घालतो.

आता पूर. 4 ऑगस्ट 2019 ला गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पाणी चढलं, पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला. आमच्या गल्लीत पालिकेची भोंग्याची गाडी दोनदा फिरली. लोक ओट्यावरून बघत राहिले, गाडी दरवर्षीच येते. तळमजल्यावरच्या एक आजी देव्हारा सोडून निघेनात. शेवटी शेजारच्या मठातले महाराज धोतर खोचून गुडघाभर पाण्यातून आत गेले. म्हणाले, “आक्का, विठोबाला मी घेतो, तू नातवाला घे.” त्या उठल्या. गाडीवाल्याचं काही चुकलं नव्हतं. पण आजींच्या यजमानांच्या दहाव्याला प्रवचन या महाराजांनी केलं होतं. ओळख पुराच्या दिवशी होत नसते हो.

2020 ला मालेगावात कोरोना पसरला तो ऐन रमजानच्या तोंडावर. नमाज घरीच पढा, हे लोकांना मौलानांकडूनच ऐकायचं होतं. त्याच वर्षी निवृत्तिनाथांच्या पादुका त्र्यंबकेश्वरहून एसटीने पंढरपूरला गेल्या. माझा मामा वारी चुकवणाऱ्यातला नाही. कलेक्टरच्या आदेशाला तो बधला नसता. पादुकाच बसमधून निघाल्या म्हटल्यावर घरी बसला.

पालिकेचं काम पालिकेनंच करावं, याबाबत आपलं एकमत आहे. धरणातून किती पाणी सोडलं हे महाराजांनी स्वतःच्या मनाने सांगू नये, खात्याकडून आलेलं तेवढंच सांगावं. पण उद्याचा सिंहस्थ कुंभमेळा बघा. 2003 ला नाशकात चेंगराचेंगरीत 39 जीव गेले. त्या गर्दीत पोलिसाच्या शिट्टीला कोण थांबतं? आखाड्याचे महंत हात वर करून उभे राहिले तर मागची रांग थांबते. त्यासाठी महंत आणि पोलीस पर्वणीच्या कितीतरी आधी एका सतरंजीवर बसलेले हवेत. ती बैठक आपल्या प्रभागात झाली, तर मी जाणार आहे. तुम्हीही या, आणि काळारामाचा प्रश्न तिथेही विचारा.