गरम गाडी चालू होत नाही, म्हणजे ‘व्हेपर लॉक’च?

ऊन तापू लागलं की एक मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी गाडी घाट चढून थांबली आणि पुन्हा चालू होईना, तर पेट्रोलच्या पाइपात वाफ अडकली समजा. ए.सी. पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनवर बसवलेला पंप) ओला फडका टाका. चोक (कार्बोरेटरात जाणारी हवा कमी करणारी झडप) ओढा, एक्सलरेटर पाच-सहा वेळा दाबा. थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याचं फिरणं तापमानानुसार रोखणारी झडप) काढून फेका. तरी नाही झाली तर बॅटरी बदला. डिझेल गाडीला हा त्रासच नाही.

यातलं पहिलं वाक्य कधीकधी खरं असतं, म्हणूनच मेसेज टिकून आहे.

‘फडका टाकला, गाडी चालू झाली, म्हणजे वाफच होती’

फडका शोधा, पाणी आणा, बॉनेट उघडा, थोडं थांबा, यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात पंप थंड होतो, तशी कॉइलही (प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारी) होते, कार्बोरेटरही (पेट्रोल आणि हवा मिसळणारा) होतो आणि सेल्फही होतो. गरमपणी येणारा कुठलाही दोष थंड झाल्यावर जातोच, मग श्रेय फडक्याला कसं द्यायचं? तपास करायचा तो गाडी गरम असताना, दोष समोर असताना. गॅरेजला नेईपर्यंत ती शहाण्यासारखी वागू लागते.

एअर क्लीनरचं झाकण काढा. सेल्फ न मारता, चोकची झडप उघडी ठेवून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि एक्सलरेटरची तार हाताने एकदाच ओढा. (विडी-सिगारेट लांब, सेल्फ मारताना तोंड वर नको, भडका येऊ शकतो.) पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत (पेट्रोल साठवणाऱ्या भागात) पेट्रोल आहे. मग व्हेपर लॉक म्हणायला आधार उरत नाही. धार आलीच नाही आणि पंपापुढचा पारदर्शक फिल्टरही रिकामा असेल, तर वाफेचा किंवा पंपाच्या डायफ्रॅमचा (आतल्या लवचीक पडद्याचा) संशय रास्त. आणि तार ओढायच्या आधीच घसा ओला असेल, नळीतून थेंब ठिबकत असतील, तर प्रकार नेमका उलटा: पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय.

पद्मिनी, अँबॅसेडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० यांत हा दुसरा प्रकार बराच भेटतो. इंजिन बंद केलं की पाण्याचं फिरणं थांबतं आणि मॅनिफोल्डची (इंजिनला जोडलेल्या नळ्यांची) धग वर कार्बोरेटरला लागते. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं. म्हणूनच बंद केल्यावर दोन मिनिटांत चालू होणारी गाडी चहा पिऊन आल्यावर रुसते. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे वाफ कमी व्हावी असं वाटतं. पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब उलट वाढतो.

‘चोक ओढा, एक्सलरेटर पाच-सहा वेळा दाबा’

ओव्हर झालेल्या (पेट्रोल जास्त साचलेल्या) इंजिनावर हा निव्वळ अत्याचार आहे. दर दाबेला आणखी एक पिचकारी आत जाते. चोक पूर्ण आत ढकला, एक्सलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरा आणि ८–१० सेकंद सेल्फ मारा. थ्रॉटल पूर्ण उघडल्याने हवा शिरते, साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. असं वारंवार होत असेल तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) पातळी, नीडलची (पेट्रोल अडवणाऱ्या सुईची) गळती आणि कार्बोरेटरखालचा बेकेलाइटचा ठोकळा बघा. हा ठोकळा तडकला म्हणून कुणीतरी साधं कागदी पॅकिंग लावून दिलेलं असतं. मग धग अडवणारं मध्ये काहीच उरत नाही. पंपाखालच्या ठोकळ्याची जाडी मात्र मनाने बदलू नका, पंपाच्या दांडीचा स्ट्रोक तीवरच ठरतो.

करंटचं काय?

मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही. चालता चालता मिस होऊन बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने चालू होणारी गाडी दिसली, तर आधी कॉइल आणि कंडेन्सर (इग्निशन पॉइंटला जोडलेला छोटा भाग) बघा. जादा प्लग वायरला लावा, त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवा (कार्बोरेटरपासून लांब, वायर इन्सुलेटेड पकडीत) आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी नको. प्रायमरीचा रोध गरम असतानाच मोजा. साध्या कॉइलला साधारण ३ ओहम, बॅलास्टवाल्या (करंट मर्यादित ठेवणारा वेगळा रोध लावलेल्या) कॉइलला दीडच्या आसपास. बॅलास्टवाली कॉइल बॅलास्टशिवाय जोडली की तापून तापून मरते. नवीन कॉइल महिन्याभरात गेली, तर दुसरी आणण्याआधी हे तपासा. कंडेन्सर स्वस्त आहे, बदलूनच पाहा.

इथे फडक्याचा खरा उपयोग आहे. नुसती कॉइल ओल्या फडक्याने गार करा, बाकी कशाला हात लावू नका. गाडी लगेच चालू झाली, तर उत्तर मिळालं.

‘थर्मोस्टॅट काढा’

इंजिन बंद असताना पाणी फिरतच नाही, तिथे थर्मोस्टॅट काय करणार? काढल्यावर इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते.

‘बॅटरी बदला’

सेल्फ जड फिरत असेल तरच हा प्रश्न. तांब्याचा रोध ६० अंश वाढीला जवळपास पावपट वाढतो. त्यात सैल अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी जोडणी) किंवा घासलेले बुश असले की गरम सेल्फ कण्हतो. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थची पट्टी दोषी. बॅटरीच्या टोकांवर १० च्या वर टिकत असेल तर ती ठीक आहे. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे असलं तरी सेल्फ अडखळतो.

एमपीएफआय गाड्यांत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पंप टाकीत असतो आणि पाइपात दाब असतो, त्यामुळे वाफ क्वचितच अडकते. तिथे गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिनच्या फिरण्याची नोंद घेणारा) आणि पाण्याचा तापमान सेन्सर बघा. तापमान सेन्सर सहसा २० अंशांना २–२.५ किलोओहम, ८० अंशांना ०.३ च्या आसपास दाखवतो. तापूनही आकडा उतरला नाही, तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंजिन थंड समजून पेट्रोल ओततो. किल्ली तीनदा ऑन-ऑफ करून, दर वेळी तीन सेकंद थांबून, मग गाडी चालू झाली, तर उभ्या गाडीत दाब उतरतोय.

‘डिझेलला त्रास नाही’

आहे. जुन्या रोटरी पंपाचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या) हेड-रोटर (दाब तयार करणारा भाग) झिजला की तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत गळतं आणि सेल्फच्या वेगाला इंजेक्टर उघडण्याइतका दाब बनत नाही. पंपावर ओला फडका टाकल्याबरोबर गाडी चालू होते. मेसेजमधला फडका इथे चक्क काम करतो, फक्त त्याचा अर्थ ‘वाफ गेली’ असा नसून ‘पंप दुरुस्तीला काढा’ असा आहे.