माझ्या नावाचे गहू

जानेवारीत फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. वर्षाची पाच कामं: जर्मन भाषेची सी-१ ही वरच्या पातळीची परीक्षा, न थांबता १० किलोमीटर पळणं, पोहायला शिकणं, अमळनेरच्या घराच्या स्लॅबसाठी पैसे बाजूला काढणं, आणि मायकडून अहिराणी शब्द ऐकून वहीत उतरवणं. ऑगस्ट लागला तेव्हा परीक्षेला सात आठवडे उरले होते आणि वहीत शब्द होते एकोणीस. म्हणून ठरवलं, हा शनिवार-रविवार फक्त अभ्यास.

झालं काय ते सांगते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातल्या एकाच्या बागेत ग्रिल होतं. त्याचं निमंत्रण जूनमध्येच कॅलेंडरवर येऊन बसलेलं, त्यामुळे नाही म्हणायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. आपापलं मांस आपण न्यायचं अशी पद्धत. मी मक्याची कणसं नेली. शनिवारी सकाळी दाराला पाटी लटकत होती: केअरवोखं, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. स्टुटगार्टच्या या श्वाबियन भागात देव चुकला तर चालेल, जिना चुकून चालत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी तोंडानं काही बोलत नाहीत, कोपऱ्याकडे नुसतं बघतात. संध्याकाळी पारोळ्याच्या एका कुटुंबाकडे आम्ही चौदा जण, शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी. रविवारी पुन्हा तिथेच, कारण नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा. पुस्तक उघडलं ते फक्त एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, जाता-येता मिळून चाळीस मिनिटं.

शनिवारच्या जेवणावर वाद पेटला तो नेहमीचाच. नारायण मूर्तींनी २०२३ च्या ऑक्टोबरात तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारीही काम करण्याचं बोलणं बाहेर आलं. गावाकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा धुरळा अजून खाली बसलेला नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, या जर्मनांना काम नकोच आहे, म्हणून गाडी अडली. त्याला लगेच आधारही सापडला: इथले चॅन्सेलर मेर्त्स यांनी २०२५ च्या मे महिन्यात, चार दिवसांच्या आठवड्यानं या देशाची समृद्धी टिकणार नाही, अशा अर्थाचं विधान केलंच होतं. म्हणजे हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. पण इथे वाद कायद्याच्या चौकटीत चालतो. दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि ती जादाची भर पुढे भरून काढायची. रविवार तर राज्यघटनेतच राखून ठेवलाय. दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत.

आपला रविवारही कुणी ताटात वाढून दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १८९० मध्ये मालकांनी तो सोडला. सत्यशोधक चळवळीतल्या माणसानं मिळवलेली सुट्टी आज रिकामटेकडेपणा ठरते, याचा मला राग येतो.

पण राग आला की मला भाऊ आठवतो. त्याचं अमळनेरात बियाणं-खतांचं दुकान आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सातही दिवस. "मूर्ती सत्तरवरच थांबले, मी चौऱ्याऐंशी तास बसतो," असं तो हसत म्हणतो. श्रावणात पाऊस पडून गेला की कपाशीला युरिया हवा असतो, तो सोमवारपर्यंत थांबत नाही. त्याला जर्मन राज्यघटना काय सांगू? शेतकऱ्याच्या घरी सुट्टी वारानं येतच नव्हती. बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला झोका, पोळ्याला बैलांना आराम. सुट्टी सणाला बांधलेली, आणि सण माणसांना. भावाच्या त्या चौऱ्याऐंशी तासांत मात्र एक गोष्ट कुणी मोजत नाही: तो आठला दुकान उघडतो तेव्हा वहिनी साडेपाचपासून उभी असते, आणि तो आठला घरी येतो तेव्हाही तिचं काम संपलेलं नसतं. ७० तासांच्या बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांचाही डबा कुणीतरी भरून देतं.

ध्येयाचा विषय काढला की आमच्या घरात सगळ्यांची नजर भाच्याकडे वळते. पोरगा हुशार. जळगावला अभ्यासिकेत खुर्ची लावलीय, राज्यसेवेची तयारी. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा त्यानं जुन्या नोट्स बाजूला सारून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. गेली दोन वर्षं तो कानबाईला आला नाही. लग्नं नाहीत, आखाजी नाही, मित्रांबरोबर हिवाळ्यातली भरीत पार्टीसुद्धा नाही. त्याला कुणीतरी शिकवलंय की ध्येय असलेल्या माणसानं माणसं कमी करायची असतात. मी विचारलं तर म्हणाला, "आत्या, तू जर्मनीत आहेस, तुला कळायला पाहिजे. तिथले लोक असेच पुढे गेले ना?"

असेच नाही गेले रे, बाबा. मीही इथे आले तेव्हा तेच समजत होते. जिन्यावर आवाज नाही, दार न विचारता कुणी ठोठावत नाही, तीन आठवडे आधी ठरवल्याशिवाय कॉफी नाही. मला वाटलं, ही माणसं एकटी राहून मोठी झाली. मग कळलं की खालच्या आजी तीस वर्षं दर गुरुवारी गायकवृंदात गातात. ऑफिसातला तो ग्रिलवाला स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे, पगार शून्य. नोंदणी केलेल्या अशा मंडळांची संख्या या देशात सहा लाखांच्या घरात आहे. नेमबाजीचं मंडळ, बागांचं मंडळ, कबुतरांचं मंडळ. तिथे वर्गणी भरावी लागते, बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं, पण आठवड्यातली एक संध्याकाळ माणसांसाठी बांधून ठेवलेली असते. यातलं कुणी गुरुवारच्या गाण्याला जीवनध्येय म्हणत नाही. तो दिनक्रम असतो. आपल्याकडे हेच काम भाऊबंदकी आणि सण करत आले, बिनवर्गणीचं. नाही म्हणायला जागा न ठेवता करत आले, हेही खरं. गावात असताना मला कुणी विचारलंच नसतं की तुला पोहायचंय का.

म्हणून माझा फ्रिजवरचा कागद मला आवडतो. तो माझा आहे. बावीस वर्षांची होईपर्यंत माझी ध्येयं घरानंच लिहिलेली होती, आणि त्यात माझ्या नावापुढे एकच ओळ होती.

कानबाईच्या रोटांचंही, म्हणजे गव्हाच्या प्रसादाचंही तसंच. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. आजोबा, वडील, भाऊ, भाचा. पाळण्यातल्या पोराच्या नावानंसुद्धा. लेकीचे मोजत नाहीत, ती दुसऱ्याच्या घरची. लहानपणी मी चाळणीजवळ बसून मोजायची आणि दरवर्षी वाटायचं, एखादी मूठ चुकून जास्त पडावी. पारोळ्याच्या वहिनींनी या रविवारी मोजणीच केली नाही. इथे कानबाई बसवलेली नाही, आमची घराणी वेगवेगळी, म्हणून फक्त पुरणपोळी, कटाची आमटी आणि चक्कीची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. खापर नव्हतं, कढई पालथी घालून मांडा टाकला. पहिले दोन फाटले. तिसरा हातावर पसरला तेव्हा चौदा जण एकदम ओरडले. रविवारची शांतता मोडली म्हणून मी दचकून दाराकडे पाहिलं.

आमचे साडेसहा वाजले तेव्हा गावाकडे रात्रीचे दहा. भावानं फोन धरला. चौरंगावर कानबाई, गळ्यात हार, समोर बायकांची फुगडी. माय मधेच फोनजवळ आली आणि म्हणाली, "तू घर कवय येशी?" मी म्हटलं, परीक्षा झाली की. मी त्या ग्रिलवाल्याला जूनमध्येच हो म्हटलं होतं, हे तिला काय सांगणार.

भाचा या वर्षीही नव्हता. पण रात्री त्यानं आजीला फोन केला: बसनं डबा पाठवशील का, रोट खावेसे वाटताहेत. माय ठाम. आमच्याकडे रोट घराबाहेर जात नाही. ज्याच्या नावाचे गहू त्यानं घरी येऊन, पाटावर बसून खायचे. तुझे मोजलेत, झाकून ठेवलेत. जळगाव-अमळनेर गाडीनं तासाभराचा रस्ता.

बुधवारी भावानं फोटो पाठवला. पोरगा पाटावर बसलाय, ताटात रोट, शेजारी पंचायतराजचं पुस्तक पालथं घातलेलं. माझं पुस्तक अजून एस-बानच्या पिशवीतच आहे. वहीत मात्र विसावा शब्द लिहिला: कवय.