पन्नास गोण्या दगड

लॉन म्हणजे दारात बांधलेली म्हैस. चारा-पाणी वेळेवर मागते, आणि दूध मात्र देत नाही. तळेगावच्या आमच्या घरापुढे अशी ३०० चौरस फुटांची म्हैस होती. उन्हाळ्यात रोज पाणी, पावसाळ्यात दर रविवारी कापणी आणि मधल्या काळात 'ही पिवळी का पडली' यावर घरात परिसंवाद. शेवटी एका रविवारी कातरी टाकून मी जाहीर केलं, "सगळं गवत काढायचं आणि पांढरे दगड घालायचे. दगडाला काय लागतं? ना पाणी, ना खत."

"ना अक्कल," बायको म्हणाली. ती दगडाबद्दलच बोलत होती असं मी धरून चाललो.

खरं तर आमच्याकडे दगडांचा दुष्काळ नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले आणि अख्ख्या दख्खनला काळा कातळ फुकटात मिळाला. घराचा पाया खणताना तोच फोडायला ब्रेकरवाल्याला तासावर पैसे मोजले होते. आता राजस्थानातून आलेल्या पांढऱ्या संगमरवरी गोट्यांसाठी पुन्हा खिशात हात घातला. दगड काढायला पैसे, दगड घालायलाही पैसे.

माझा अंदाज दहा गोण्यांचा. दुकानदाराने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. ३०० चौरस फूट, २ इंच जाडी, म्हणजे ५० घनफूट. म्हणजे अर्धा ब्रास. म्हणजे साधारण २ टन. ४० किलोच्या ५० गोण्या. "दगड आहे साहेब, कापूस नाही," असं म्हणून वर दिलासा दिला, "खाली काळं वीड मॅट अंथरा, गवत उगवायचं नाव घेणार नाही. एकदा टाका आणि विसरून जा."

टेम्पो गल्लीत वळेना, म्हणून गोण्या कोपऱ्यावर उतरल्या. तिथून घमेल्याने वाहतूक. बाराव्या घमेल्याला माझी कंबर म्हणाली की यापुढचा विचार तुझा तू कर. तेराव्याला तर तिने विचारलंही नाही. पायावर धोंडा पाडून घेणं मी ऐकून होतो, पण तो स्वखर्चाने, घमेल्या-घमेल्याने आणून पाडणारा मीच पहिला असेन.

पण दिसायला काय दिसलं! मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पुण्याच्या काकू तर मुद्दाम बघायला आल्या. फाटकाशी थांबल्या, चपला काढल्या, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "छान बांधलीय. कुणाची समाधी?"

मग एप्रिल आला. दुपारी बाराला अंगण असं तळपायचं की बैठकीत गॉगल घालून बसावं लागे. दगड दिवसभर ऊन पिणार आणि रात्री ते हळूहळू आम्हाला परत करणार. बिचारी तुळस चारी बाजूंनी भाजून निघाली. अनंताची पानंही पिवळी पडायला लागली. संगमरवर म्हणजे चुन्याचा भाऊ, आणि अनंताला चुना सोसत नाही. 'हे का पिवळं पडलं' हा परिसंवाद पुन्हा सुरू.

शेजारच्या अण्णांचा सोनमोहर वर्षभर आमच्याकडे बारीक पानं पाठवत असतो. गवतावर ती दिसायची नाहीत. पांढऱ्यावर मात्र दह्यात मोहरी पडावी तशी दिसू लागली. खराटा फिरवला की पानं जागच्या जागी आणि गोटे रस्त्यावर. मावशींनी एकदाच झाडलं आणि खराटा भिंतीला टेकवून विचारलं, "दादा, हे झाडायचं का मोजायचं?" मी हवा मारायचं ब्लोअर मागून आणलं. त्याने पानं सुरेख उडाली आणि थेट मूळ मालकाकडे गेली. तेव्हापासून अण्णा आमच्याशी कामापुरतंच बोलतात.

पावसाळ्यात खरी गंमत झाली. गोट्यांच्या फटीत धूळ आणि कुजलेली पानं साचून मॅटच्या वर झकास माती तयार झाली होती. तिच्यात गाजरगवत रुजलं. मॅट खालच्या गवतासाठी होतं. वरून उडत येणाऱ्या बियांबद्दल दुकानदार काही बोलला नव्हता. आणि खालून लव्हाळा! मॅटला दाभण घातल्यासारखा भोसकून वर आला. ओढावा तर पातं हातात आणि गाठ मॅटखाली सुखरूप. ती काढायची तर आधी गोटे उचला, मग मॅट उचला, मग मला उचला.

उरलेल्या पांढऱ्यावर शेवाळ चढलं. कुणीतरी म्हणालं, फरशीचं ॲसिड टाका, लख्ख होतील. टाकलं. जोरदार फसफस झाली आणि सातवीचं विज्ञान तीस वर्षं उशिरा समजलं: संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो. डोळ्यांदेखत माझे पैसे बुडबुडे होऊन वर गेले. दगड पांढरे झाले हे खरं; पण थोडे कमीही झाले.

हल्ली सकाळी आई अंगणात पाट टाकून बसते. एका बाजूला सूप, दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली. सुपात ओंजळभर गोटे घेते, पाखडते, पानं आणि काड्या वेचते आणि गोटे बादलीत टाकते.

"जन्मभर तांदळातले खडे निवडले," ती म्हणाली. "भातात एक खडा निघाला तर तुझे बाबा ताटावरून उठायचे. आणि तू दोन टन विकत आणलेस."

मीही समोर बसलो आणि एक मूठ घेतली. तेवढ्यात तिच्या सुपात एक काळा, ओबडधोबड खडा आला, बहुधा पाया खणतानाचा. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"हा आपल्या घरचा," असं म्हणून तिने तो तुळशीपाशी ठेवला आणि पुढची ओंजळ सुपात घेतली.