पाठकोरा कागद

काल सकाळी नाशिकमध्ये अशोक स्तंभाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तिथल्या मुलाने माझा हिशेब एका पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर मांडला आणि तो माझ्यापुढे सरकवला. चार प्रिंट, सहा झेरॉक्स, एकूण ३२ रुपये. पैसे काढताना तो कागद उलटला गेला आणि मागे एका बाईंचे आधार कार्ड दिसले. चेहरा थोडा काळवंडलेला होता, पण ओळखू येण्याइतका स्पष्ट. नाव, जन्मतारीख, सातपूरकडचा पूर्ण पत्ता, बाराच्या बारा आकडे, खाली ‘आधार – सामान्य माणसाचा अधिकार’ ही जुन्या कार्डांवरची ओळ, आणि समासात निळ्या शाईने लिहिलेला मोबाईल क्रमांक. तसल्याच कागदांचा वीतभर उंचीचा गठ्ठा काउंटरवर दगडाखाली दाबून ठेवलेला होता. बिघडलेल्या प्रती टाकून न देता त्यांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करायचे, अशी तिथली पद्धत असल्याचे मुलाने सांगितले आणि ते सांगताना त्याला त्यात काही वावगे वाटत असल्याचे मुळीच दिसले नाही.

मी त्या दुकानात हौसेने गेलो नव्हतो. आईचे वय ७८. वडिलांच्या माघारी तिचे कुटुंब निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते, त्या बँकेने ‘केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खाते गोठवले जाईल’ असा संदेश पाठवला. गेल्या वीस वर्षांत आईचा पत्ता बदललेला नाही, नाव बदललेले नाही, काहीच बदललेले नाही. माहितीत बदल नसेल तर ग्राहकाचे स्वतःचे घोषणापत्र पुरेसे आहे आणि त्यासाठी शाखेत यावे लागू नये, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले आहे. ते मी काउंटरवरच्या मॅडमना शांतपणे सांगितले, तर ‘आमच्याकडे असं चालत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. मग मी आधारची झाकलेली प्रत पुढे केली, जिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ‘पूर्ण नंबर दिसला पाहिजे, दोन सेट आणा, सह्या करून आणा.’ जिथे आधारच्या प्रमाणीकरणाची गरज नाही, तिथे ग्राहकाने दिलेल्या प्रतीवरचा आधार क्रमांक झाकलेला असेल हे बँकेनेच पाहायचे आहे, असे रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश सांगतात. म्हणजे जे पाहण्याची जबाबदारी त्यांची, नेमके तेच करून आणल्याबद्दल मला परत पाठवण्यात आले.

दुकानात संगणकाचा पडदा गिऱ्हाइकांकडे वळवलेला असतो, कारण आपली फाईल आपणच ओळखून दाखवायची असते. भिंतीवर चिकटवलेल्या नंबरावर व्हॉट्सॲप करायचे आणि आपला संदेश वर येईपर्यंत पडद्याकडे बघत उभे राहायचे. माझी फाईल येईपर्यंत मी काय काय पाहिले? कुणाचा सातबारा, कुणाचे दहावीचे गुणपत्रक, कुणाचा भाडेकरार, एका मुलीच्या रक्ततपासणीचा अहवाल, आणि किमान दहा-बारा आधार कार्डे. एकाने ई-आधारच्या फाईलसोबत पासवर्डही लिहून पाठवला होता. तो पाठवला नसता तरी फारसे बिघडले नसते, कारण ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष, हे त्या दुकानातल्या मुलाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. फाईल छापून झाली की ती ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते. मी माझ्या आईची फाईल पुसायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, दिवसाला दोनशे माणसं येतात. कोणाकोणाचं पुसत बसू? आणि बघतंय कोण?’

मी बघत होतो. माझ्या मागे उभे असलेले चौघे बघत होते. हे मी त्याला चढ्या आवाजात सुनावले आणि फाईल तिथल्या तिथे पुसून घेतली, कचरापेटीतूनही काढायला लावली. एरवी मी दुकानात आवाज चढवणारा माणूस नाही. पण माझा खरा राग त्या विशीतल्या मुलावर नाही. त्याला कोणी काही शिकवलेले नाही. राग आहे तो लाखो माणसांना रोज अशा दुकानांच्या दारात उभे करणाऱ्यांवर.

आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी लोकांना नेमके हेच सांगितले होते. आधारची छायाप्रत कुठल्याही संस्थेला सरसकट देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. झाकलेले आधार वापरा. सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार उतरवू नका आणि उतरवलेच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका. इतके सरळ आणि उपयोगाचे निवेदन सरकारी कचेरीतून क्वचितच निघते. ते दोन दिवसांत, २९ मे रोजी, मागे घेण्यात आले. कारण काय, तर त्याचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे! लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, असे सांगून विषय मिटवला गेला. समोरचा मनुष्य खाते गोठवण्याची धमकी देत असताना ७८ वर्षांच्या बाईने कोणती नेहमीची सावधगिरी बाळगायची, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

आणि एवढे करून त्या छायाप्रतीने सिद्ध काय होते? काहीही नाही. झेरॉक्सवर फोटो बदलता येतो, पत्ता बदलता येतो. खरेखोटे तपासायचे असेल तर कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता आणि फोटो प्राधिकरणाच्या डिजिटल सहीसह साठवलेला असतो. तो मोबाईलवर वाचला की इंटरनेटशिवायही खात्री पटते आणि कुणाच्या कपाटात कागद राहत नाही. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिले गेले. तेव्हापासून इतकी वर्षे गेली, तरी आपण त्या कोडकडे ढुंकूनही न पाहता झेरॉक्सवर सही घेत बसलो आहोत.

माझा हा राग कालचा नाही. कॉलेज रोडवरच्या दुकानात दोन रुमाल घेतले तरी मोबाईल नंबर मागतात. मोबाईल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये बजावलेले असूनही बिलिंगवरची मुलगी ‘नंबरशिवाय सिस्टीम पुढे जात नाही’ म्हणते. आमच्या सोसायटीच्या फाटकावर उघडी वही असते, तिच्यात कोण कोणाकडे किती वाजता आले हे नंबरासकट लिहिलेले असते आणि पुढचा पाहुणा ते निवांत वाचतो. त्र्यंबकेश्वरच्या एका लॉजवर व्यवस्थापकाने आमच्या पाचही जणांच्या आधारचे फोटो स्वतःच्या खासगी मोबाईलमध्ये काढले, त्याच्या मुलांच्या फोटोंच्या रांगेत. सिंहस्थात येणाऱ्या लाखो भाविकांची कार्डे अशीच कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये जाऊन बसणार आहेत, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

कागदाची किंमत नाशिककराला कोणी शिकवायला नको. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात पासपोर्ट आणि मुद्रांक छापले जातात, शेजारी नोटा छापल्या जातात. तिथले भंगारही भंगार नसते, हा धडा आपण तेलगी प्रकरणात मोठी किंमत देऊन घेतला, कारण बनावट मुद्रांकांच्या त्या घोटाळ्यात याच छापखान्यातून निकाली निघालेली यंत्रे वापरली गेली. त्याच गावात माणसांच्या ओळखीचे कागद दगडाखाली दाबून ठेवले जातात.

कायदा आहे म्हणे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि माहिती सांभाळण्याची बहुतेक बंधने त्यानंतर आणखी १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे वाचून बरे वाटले होते. मग व्याप्तीचे कलम वाचले. माहिती डिजिटल स्वरूपात गोळा केलेली असावी किंवा नंतर डिजिटल केलेली असावी, तरच हा कायदा लागू. त्या बाईंचा पाठकोरा कागद, जोवर तो नुसता कागद आहे, तोवर या कायद्याच्या बाहेरच आहे.

तो कागद मी दुकानात ठेवला नाही. घरी आणून बारीक तुकडे केले आणि भिजवून लगदा केला. गठ्ठ्यातले बाकीचे मात्र तिथेच राहिले, कारण ते द्यायला मुलगा तयार झाला नाही.

संध्याकाळी बँकेतून फोन आला. आईच्या आधारची प्रत अस्पष्ट आहे, उद्या दोन नव्या आणून द्या. मी विचारले, सकाळी दिलेल्या दोन प्रती मला परत मिळतील का? पलीकडच्या मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘त्या इथेच कुठेतरी असतील.’