गल्ल्यावरच्या पोरीवर कशाला ओरडता?

वाचनालयाच्या छपरासाठी काल विक्री ठेवली होती. कोकमाचं आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ, सगळं खपलं. आज बँकेत भरणा करताना पाचशेची एक नोट खोटी निघाली. गल्ल्यावर बारावीतली पोर होती, म्हणून पाचशे रुपये तिच्याकडून वसूल केले म्हणे! लाज नाही वाटली?

तिला बसवलंत कुठे, तर मांडवाच्या कोपऱ्यात पिवळ्या बल्बखाली. पाचशेच्या नोटेतला धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो, उजवीकडे खाली छापलेला ५०० चा आकडाही तसाच. पिवळ्या उजेडात हा रंग कोणाला कळणार? एक पांढरा एलईडी टांगायला काय जात होतं?

मग उजेडासमोर धरायची. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० दिसायला हवा, फिकट-गडद छटांसकट. खोट्या नोटेवर तो बहुतेक वरून छापलेला असतो, उजेडाशिवायही दिसतो. शेवटी बोट फिरवायचं: दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा हाताला लागतात. पण आपल्याकडच्या दमट हवेत मऊ पडलेल्या, विजारीबरोबर धुतल्या गेलेल्या खऱ्या नोटेलाही हा उठाव राहत नाही. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. आणि नंबरात चांदणी दिसली म्हणून घाबरू नका, चांदणीमुळे नोट खोटी ठरत नाही.

सुट्टे हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाची नोट डब्यात टाकायची नाही, समोर वजनाखाली ठेवायची. एकदा मिसळली की कोणाची ते देवालाही सांगता येणार नाही. गर्दीत एकाने नोट बघावी, दुसऱ्याने सुट्टे द्यावेत. ती पोर एकटी होती!

क्यूआर लावला असता तर हे झालं नसतं, मान्य. रेंज असती तर.

देणारी कदाचित मासळी विकून आलेली एखादी म्हातारी असेल, तिलाही ठाऊक नसेल. अशा वेळी आरडाओरडा नको. 'काकी, दुसरी असली तर द्या' एवढं पुरतं.

पण 'बँकेत कशाला नेलीत, बाजारात खपली असती' म्हणणारे महाशय, खोटी माहीत असून चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. हे त्या पोरीसमोर बोललात!

बँकेने शिक्का मारून नोट ठेवून घेतली, पावती दिली. ती हिशेबाला जोडा, पाचशे नुकसानीत लिहा, आणि पोरीचे पैसे आज दिवेलागणीच्या आत तिच्या घरी पोचवा.