पाहुण्या बोटी आणि आमची रेगाटा: कमांडर साहेबांना उत्तर

कमांडर साहेब, नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल आधी सॉरी. तुमची प्रतिक्रिया वाचल्या वाचल्या लिहायला बसलो होतो पण तेव्हा डोकं जरा तापलेलं होतं, म्हटलं एक रविवार पाण्यात काढू, मग बघू.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की मुंबई हार्बरमधली आमची जानेवारीतली एंटरप्राइझ रेगाटा (एकाच प्रकारच्या, एंटरप्राइझ नावाच्या छोट्या शिडाच्या बोटींची शर्यत) बाकीच्या डिंग्यांनाही, म्हणजे छोट्या शिडाच्या बोटींनाही, खुली करावी, लेझर, मिरर, ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन या. त्यावर साहेबांनी (नेव्हीतून रिटायर्ड, माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं शिडाखाली काढलेला माणूस) मला चांगलंच धुतलं. म्हणणं असं की क्लास रेगाटा (एकाच प्रकारच्या बोटींची शर्यत) म्हणजे धर्मशाळा नव्हे, बोटी एकसारख्या असतील तर खलाशी जिंकतो, नाहीतर वेळांचा हिशोब करून निकाल लावावा लागतो आणि कॅल्क्युलेटर जिंकतो. वर १९८८ च्या अमेरिकाज कपचा (मोठ्या शिडाच्या बोटींची जगप्रसिद्ध शर्यत, त्या वर्षी दोन अगदी वेगळ्या बोटी भिडल्या होत्या) दाखला आणि जाता जाता "उद्या नारळी पौर्णिमेचे मचवेही बोलवाल" असा टोला.

टोला आवडला. मचवेवाले आले तर ओहोटीत आपल्या सगळ्यांना घरी पाठवतील हेही खरं.

आता कॅल्क्युलेटरचं. हे लागलं, कारण यात तुमचं बरोबर आहे आणि मी पोस्टमध्ये ते सरळ उडवून लावलं होतं. क्लास ही भानगड निघालीच मुळी त्यासाठी. १८८७ मध्ये डब्लिनजवळ वॉटर वॅग नावाच्या बोटी आल्या, सगळ्या एकाच मापाच्या, कारण तोवर ज्याचा खिसा मोठा त्याची बोट वेगवान आणि कप त्याच्याच घरी, असं चाललेलं. त्यामुळे क्लास म्हणजे बड्यांचा मिजासखोरपणा असं जे मी लिहिलं होतं ते उलटं होतं. मागे घेतो.

पण त्याच नाण्याची दुसरी बाजू बघा ना. आपली एंटरप्राइझ, जॅक होल्टने १९५६ मध्ये काढलेली, निळ्या शिडांची. त्याच होल्टने पुढे सहासात वर्षांत बॅरी बकनेलबरोबर मिरर काढली, लाल शिडांची, प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, घराच्या गॅरेजमध्ये होईल असं काम. दोन्हींच्या मागे इंग्लंडमधली वर्तमानपत्रं उभी होती, मिररचं तर नावच पेपरचं. म्हणजे कधी होडीत पाय न ठेवलेल्या माणसाला पाण्यात उतरवायचं म्हणून ज्या बोटी निघाल्या त्यातल्या एकीच्या रेगाटाला आपण दुसरीला म्हणायचं की तू बाहेर थांब?

बरं, आता तो मिररचा किस्सा, जो मी मागच्या वेळी अर्धाच सांगितला होता आणि तुम्ही नेमका तिथेच पकडलात. गेल्या सीझनला एका साध्या रविवारच्या रेसला एक बाबा आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी जुनी मिरर घेऊन आले, तळाला इतके पॅच की मूळ रंग कुठला ते विचारायची सोय नाही. पहिली एंटरप्राइझ बरोबर एका तासात आली. मिरर आली चौदा मिनिटांनी, तोवर निम्मे लोक बोटी वर ओढून कपडे बदलत होते. वेगवेगळ्या बोटींचा निकाल काढायचा पोर्ट्समथ हँडिकॅपचा हिशोब असा की लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या प्रकारच्या बोटीला ठरवून दिलेल्या नंबराने भागायचं. एंटरप्राइझचा नंबर साधारण ११२० धरला तर ५३ मिनिटं ३४ सेकंद, मिररचा १३९० धरला तर ५३ मिनिटं १४ सेकंद. वीस सेकंदांनी मिरर जिंकली. पोरगी निकालाच्या फळ्यासमोरून हलेना.

आता जे सांगितलं नव्हतं ते. त्या दिवशी सकाळचा मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडला होता, पुढच्या बोटी अर्धा वेळ गेटवेकडे तोंड करून नुसत्या तरंगत होत्या, शिडं लुळी. खारा वारा (समुद्रावरून येणारा) आला तेव्हा त्यांचं शेवटचं लेग, म्हणजे दोन बोयांमधला टप्पा, उरलं होतं आणि मिररचं जवळजवळ दीड. म्हणजे चांगला वारा तिला जास्त वेळ मिळाला. उलटही होतं, उधाणाच्या दिवशी ओहोटी लागायच्या आत वेगवान बोटी फिनिश करतात आणि हळू बोट पाण्याच्या उलट्या ओढीत एकाच बोयासमोर वीस मिनिटं उभी, शीड भरलेलं, फेस उडतोय आणि बोट जागची हलत नाही. भांगाच्या दिवसात, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ते एवढं जाणवत नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं उतरतं, तो नंबर काढणाऱ्यांनी आपला हार्बर डोळ्यासमोर ठेवला नव्हता. तेव्हा हँडिकॅपच्या निकालावर चॅम्पियन ठरवू नये हे मान्य, अगदी शंभर टक्के मान्य.

दुसरी गोष्ट कबूल करायचीय ती तुम्हाला माहीत नसणार. दोन वर्षांपूर्वी एकदा रेस ऑफिसर मीच होतो आणि हौसेने सगळ्यांना एकाच हूटरवर सोडलं. दुसऱ्या मार्कनंतर (वळसा घालायच्या बोयानंतर) एक ट्वेंटीनाइनर, हलकी आणि फार वेगवान डिंगी, मागून असा आला की कोणाला काही कळायच्या आत एका एंटरप्राइझचा वारा खाऊन टाकला, ती दचकून जाईब करायला (वारा मागून घेत शीड दुसऱ्या बाजूला टाकायला) गेली आणि उलटली, डोलकाठी गाळात रुतली ती निघेचना. दोघं धडधाकट बाहेर आले, पण काठी वाकली आणि तो माणूस माझ्याशी महिनाभर बोलला नाही. नियमाप्रमाणे चूक कोणाची यावर वाद घालता येईल, मी घालत नाही. एका लाइनवर ते दोन प्राणी सोडायची चूक माझी.

पण साहेब, १९८८ चा दाखला इथे बसत नाही. तिथे कोणी कोणाला पाहुणा म्हणून बोलावलंच नव्हतं. मायकल फे यांनी जुन्या दानपत्रातली कमाल लांबी पकडून नव्वद फूट वॉटरलाइनची (पाण्याच्या पातळीवरच्या लांबीची) अजस्र बोट आणली, डेनिस कॉनर यांनी त्याच कागदात कॅटामरानला (दोन सांगाड्यांच्या बोटीला) मनाई नाही हे पकडून साठ फुटी कॅटामरान आणली, सॅन दिएगोत २-० ने जिंकले आणि मग १९९० पर्यंत कोर्ट. तो दोन वकिलांचा सामना होता, समुद्र फक्त जागा म्हणून वापरला. तिथे बिघडलं ते वेगळी बोट आली म्हणून नाही, कुठली बोट चालेल हे आधी बसून ठरलं नाही म्हणून.

मी उलट १९३१ सांगेन. आइल ऑफ वाइटला फेरी मारायची पहिली राउंड द आयलंड रेस, मुद्दाम छोट्या बोटींना संधी म्हणून काढलेली, हँडिकॅपवर. पंचवीस बोटी आल्या आणि जिंकली मेरी कन्सीट, बावीस फुटांची कॉर्निश मासेमारी होडी! आता त्याच रेसला हजाराच्या घरात बोटी असतात आणि त्या सगळ्यांना काय एका हूटरवर सोडत नाहीत, गट पाडून, वेळा वाटून सोडतात.

आणि आमचा खरा प्रॉब्लेम तुम्ही पुण्यात बसून बघत नाही म्हणून सांगतो, राग मानू नका. गेल्या जानेवारीत एंटरप्राइझ किती आल्या? सात. त्यातल्या एकीचं सुकाणू पहिल्याच रेसला तुटलं, उरल्या सहा. सहा बोटींसाठी कमिटी बोट, रेस्क्यू बोट, डिझेल, परवानग्या, सगळं तेवढंच लागतं जेवढं तीसला लागतं. तुमच्या काळात, म्हणजे १९८२ च्या एशियाडचं सेलिंग इथे मुंबईत झालं आणि तारापोर-करंजियांनी फायरबॉल या डिंगीत गोल्ड मारलं त्या काळात, क्लासला माणसं होती. मला क्लास मोडायचा नाहीये हो, तो रिकामा होतोय याची भीती वाटते. मिररवाली पोरगी दोन वर्षांनी एंटरप्राइझच्या क्रूला येईल की नाही हे तिला यंदा किनाऱ्यावर उभं करतोय की पाण्यात, यावर आहे.

तर कमिटीला मी आता बदलून असं दिलंय: एंटरप्राइझची स्टार्ट पहिली, त्यांचा झेंडा, त्यांचा निकाल, करंडक फक्त त्यांचा. पाहुण्या डिंग्या दहा मिनिटांनी सुटतील आणि त्यांचा कोर्स आखूड, वरचा (वाऱ्याकडचा) मार्क वेगळा, म्हणजे दोघांची गाठ पडायचीच नाही. ट्वेंटीनाइनरसारख्या बोटी या वर्षी नाहीत. पाहुण्यांचा निकाल हँडिकॅपवर, आणि बक्षीस काय तर एक स्टीलचा डबा, आत चिक्की. नॅशनल्स किंवा रँकिंगची रेगाटा असेल तेव्हा पाहुणे अजिबात नाहीत, तिथे तुमचं म्हणणं जसंच्या तसं.

एक अडचण अजून सुटलेली नाही. दोन वरचे मार्क म्हणजे दोन नांगर आणि ते टाकायला दुसरी मोटरबोट, आमच्याकडे एकच आहे आणि तिचं इंजिन थंड असलं की चार वेळा दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही. भर ओहोटीत बोया सरकू नये म्हणून तुम्ही लोक साखळी किती सोडायचात, ते मात्र खाली नक्की लिहा.